फौजीची गिरणी

गिरणी माझी नव्हतीच, बायकोची होती. मी जम्मूकडे असताना तिनं पेणला रामवाडीत एका म्हाताऱ्याची बंद पडलेली पिठाची गिरणी चालवायला घेतली आणि मला पत्रानं कळवलं. विचारलं नाही, कळवलं. माझ्या आईला ते आवडलं नव्हतं. मुलगा फौजेत आणि सून लोकांचं दळण दळते, हे आमच्या खाडीकाठच्या गावात बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं. बायको ऐकून घ्यायची आणि सकाळी मुलीला कडेवर घेऊन गिरणी उघडायला जायची.

कारगिलच्या लढाईत मी होतो. एका उतारावर आम्ही एकोणीस दिवस काढले. शेवटच्या आठवड्यात गोळा जवळ फुटला. माझ्या शेजारी होता तो गेला, मी राहिलो. डाव्या कानाचा पडदा मात्र कायमचा गेला. त्याबद्दल मी शाळांमधून सांगतो ते सगळं खरं आहे. फक्त इतक्या वेळा सांगून झालंय की आता ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं.

पुढं काही वर्षांनी पेन्शन घेऊन घरी आलो. सुरुवातीला घरात मन लागेना. माणसं बोलायची, मी डावीकडचं अर्धं सोडून द्यायचो, मग ती तेच मोठ्यानं बोलायची, आणि मोठ्यानं बोललं की मला राग यायचा. गिरणीत हा त्रास नव्हता. पट्टा फिरायला लागला की तिथं कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे हातवारे करतात. मी रोज जाऊन बसायला लागलो, आणि बसता बसता काम करायला लागलो.

शिकवलं तिनंच. आधी तांदूळ, मग गहू. उपासाचं वेगळं. खाली पडणारं पीठ अंगठ्यानं चोळून बघायचं, गरम लागलं की समजायचं दगड फार जवळ आलेत. एकच काम मी शिकलो नाही, ते म्हणजे दगडांना टाकी लावणं. दळून दळून दगड गुळगुळीत होतात, त्यांना छिन्नीनं पुन्हा खरबरीत करावं लागतं. दर आठ-दहा दिवसांनी ती वरचा दगड उतरवून घ्यायची आणि हातोडी घेऊन तासभर खाली बसायची. उठायची तेव्हा पापण्यांपर्यंत पांढरी झालेली असायची. मी त्या वेळात चहाला जायचो. माझी कंबर दुखते असं मी सांगितलं होतं. थोडी दुखायचीही.

पुढं गावचा एक रंगारी प्रेमानं बोर्ड रंगवून घेऊन आला. ‘माजी सैनिक पिठाची गिरणी’, आणि कोपऱ्यात तिरंगा. बायकोनं हात पुसत बाहेर येऊन बघितला. चांगला झालाय म्हणाली आणि आत गेली. तेव्हापासून लोक फौजीची गिरणी म्हणायला लागले. गिऱ्हाईक आलं की माझ्याशी बोलायचं, डबा मागं तिच्याकडं जायचा. मला ते आवडत होतं. खोटं कशाला बोलू.

मुलगी मोठी झाली. लग्न होऊन रोह्याला गेली, तिथं एका लॅबमध्ये नोकरीला लागली. चार वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी ती चार दिवस राहायला आली होती. मोदकांच्या पिठाची गर्दी होती म्हणून मदतीला गिरणीत येऊन बसली. दुपारी वीज गेली, मोटर थांबली. मी दारात उभा राहून बायांना अर्ध्या तासानं यायला सांगत होतो. मागून मुलीनं खांद्याला हात लावला. ती माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. माझ्याशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ती लहानपणापासून तशीच येते.

“बाबा, आईचा हा खोकला किती दिवसांचा आहे?”

“कसला खोकला?” मी म्हणालो.

मग तिनं मला आत नेलं आणि गप्प उभं राहायला सांगितलं. बायको पोत्यावर बसली होती. तोंडाला पदर लावून खोकत होती, खोकता खोकता एक हात भिंतीला टेकवत होती. इतकी वर्षं ती माझ्या डाव्या हाताला बसत आली होती आणि मधे गिरणी चालू असायची. आणि घरी? घरी ती उठून मागल्या दारी जायची, हे मला माहीत होतं. कशाला जायची ते मी कधी विचारलं नव्हतं.

रोह्याच्या डॉक्टरांनी तिला नळीत फुंकायला लावलं. तीनदा. तिसऱ्या वेळी तिनं माझं मनगट घट्ट धरलं. किती वर्षं पिठात काम करता, असं डॉक्टरांनी विचारलं. तिनं मुलीच्या वयावरून हिशेब करून बावीस-तेवीस सांगितली. तोंडाला काही बांधत होता का, तर पदर असायचा म्हणाली. मग त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, “आणि तुम्ही काय करता?”

मी म्हणालो, “फौजेत होतो.”

ते तोंडातून गेलंच. फौज सोडून तेव्हा मला कितीतरी वर्षं झाली होती.

पिठाच्या धुळीत पाऊल ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलगी रोह्याजवळ वरसेला राहते, तिनं आईला तिकडंच ठेवून घेतलं. मीही तिथंच राहायला लागलो आणि सकाळी एसटीनं पेणला, संध्याकाळी परत, असं सुरू झालं. रस्त्याचं काम संपत नव्हतं. गिरणी उघडेपर्यंतच मी दमलेला असायचो. त्यात पीठ बिघडायला लागलं. गरम, जाडं. बाया तोंडावर सांगायच्या, “काकी नाय का? मग उद्या येतू.” उद्याही काकी नसायची. दगड बोथट झाले होते आणि मला टाकी लावता येत नव्हती.

शेवटी मी हातोडी आणि छिन्नी पिशवीत घालून वरसेला आणली. मुलीच्या मागल्या अंगणात धुण्याचा एक जुना दगड पडला होता. बायको लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला खुर्चीवर बसली आणि मला सांगायला लागली. छिन्नी इतकी उभी नको. रेघ मधून बाहेर न्यायची, बाहेरून आत नाय. हात सैल सोडा. बोलताना तिला मधे थांबावं लागायचं. पहिल्याच दिवशी माझ्या तळव्याला फोड आले. हे काम ती वीस वर्षं करत होती आणि तेवढा वेळ मी टपरीवर बसत होतो. तिच्या ते मनात आलं असेल, पण बोलली नाही. फक्त म्हणाली, “शिकताय तसे लवकर.”

पुढच्या सव्वीस जानेवारीला पेणजवळच्या एका शाळेनं सत्काराला बोलावलं. बायकोला बरं होतं म्हणून तीही आली, मागल्या रांगेत बसली. या वेळी गिरणीबद्दल बोलायचं, घर आमच्या हिनं चालवलं हे सांगायचं, असं मी ठरवून गेलो होतो. पण मुख्याध्यापकांनी सांगितलं की मुलं लढाईची गोष्ट ऐकायला थांबली आहेत. समोर मुलं उन्हात बसली होती. मी लढाईची गोष्ट सांगितली. शाल, नारळ, फोटो झाले.

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, राग आला का. तिनं मान हलवली.

“राग कशाचा? सांगितलंत ते काय खोटं हाय?” थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, “पण इथं मी पण होते. तेवढं एकदा कुठंतरी बोला.”

बोलतो म्हणालो. अजून बोललो नाही. गिरणीबद्दल बोलायला कुणी बोलावत नाही.

दीडेक वर्ष मी गिरणी तशीच रेटली. मग एक दिवस खाडीकडच्या गावची एक बाई दळण घेऊन आली ती तिथंच उभी राहिली. नवरा डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर, कधी शिफ्ट असते, कधी नसते. गिरणी द्यायची आहे का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, द्या, पण आधी मागची भिंत फोडून खिडकी काढा, धूळ बाहेर ओढणारा पंखा बसवा, आणि तिला मास्क लावायला सांगा. नाय लावला तर देऊ नका.

गवंडी बोलावला. खिडकी आणि पंखा मिळून दोन दिवसांचं काम निघालं. तिसऱ्या दिवशी मोटर सुरू केली तर धूळ सरळ पंख्याकडं जाऊन बाहेर पडायला लागली. मी तिथंच पोत्यावर बसलो. हे वीस वर्षांपूर्वीही दोनच दिवसांचं काम होतं. कुणी अडवलं नव्हतं. मला सुचलं नव्हतं.

नव्या बाईला मी दोन महिने काम शिकवलं, टाकीसुद्धा. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे. मास्क लावते, मी अधूनमधून न सांगता जाऊन बघतो. मला बघितलं की हसते आणि मास्क नाकावर नीट ओढून दाखवते.

आता आम्ही वरसेलाच असतो. बायकोचे काही दिवस बरे जातात, काही नाही. दमट हवेत जास्त त्रास होतो, मग श्वासाचा पंप घेऊन बसून राहते. बरं असलं की संध्याकाळी आम्ही नदीच्या बाजूला फिरायला निघतो. दहा मिनिटांची वाट, आम्हाला अर्धा तास लागतो. ती थांबली की मीही थांबतो आणि आम्ही रस्त्यावरच्या गाड्या बघत उभे राहतो. तिला बोलायला श्वास पुरत नाही, मला काय बोलायचं ते सुचत नाही. थोड्या वेळानं ती पदर सावरते, चला म्हणते, आणि आम्ही निघतो.