सासऱ्यांच्या दारातली हिरवी गाडी

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यांतले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका हिरव्या गाडीचे प्रकरण मात्र जसेच्या तसे आठवते. त्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता. तरीही माणसाचा जळफळाट कुठवर जाऊ शकतो, हे मला त्या प्रकरणाने जेवढे दाखवले तेवढे कुठल्याही खुनाने दाखवले नाही. संबंधितांची मुले-नातवंडे नाशकातच आहेत, म्हणून नावे देत नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी शहरात फौजदार होतो. रस्त्यावर गाडी म्हणजे फियाट, नाहीतर अँबॅसडर. अशा गावात सातपूरच्या एका कारखानदाराने मुंबईहून एक जुनी विलायती स्पोर्ट्‌स गाडी आणली. दोन माणसांची, जमिनीला टेकलेली, कापडी छपराची. मूळ इंजिन निकामी होते आणि सुटे भाग मिळण्याची आशा नव्हती. म्हणून त्याने सातपूरच्याच एका मिस्त्रीला हाताशी धरून तिच्यात देशी इंजिन बसवून घेतले. ते उंच निघाले, म्हणून बॉनेटला वर एक फुगवटा काढावा लागला. रुंद टायर आले, सायलेन्सर बदलला, आणि गडद हिरवा रंग चढला. बदलांची रीतसर नोंद आरटीओत झाली होती, त्यात काही काळेबेरे नव्हते. ती गाडी कॉलेज रोडवरून गेली की पानाच्या टपरीवरची माणसे विडा तोंडाशी धरून थांबायची. आमचे हवालदार तिला सलाम ठोकायचे, आत कोण आहे हे न बघता. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा विचारले, "तुमच्या जीपचं छप्पर असं काढता येतं का हो?" मला ते लागले, हे कशाला लपवू?

या कारखानदाराला मी थोरले म्हणतो, कारण घरात ते थोरले जावई होते. धाकटे जावई द्राक्षबागायतदार. दोघे सख्खे साडू आणि दोघांचे एकमेकांशी बोलणे इतके गोड, की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. एकाने बंगल्याला गच्ची काढली की दुसरा मजला चढवणार, हे ठरलेले.

पुढे थोरल्यांच्या कारखान्यात संप झाला आणि त्यांना गाडी विकावी लागली. दलालाला त्यांनी एकच अट घातली, गिऱ्हाईक नाशिकबाहेरचे हवे. दलालाने मुंबईचे गिऱ्हाईक आणले, कागद झाले, गाडी गेली. महिन्याभरात ती परत आली. मुंबईचा माणूस नावापुरता होता, खरा खरेदीदार धाकटे जावई. तो अधिक महिना होता. सासरेबुवांनी दोन्ही जावयांना वाण द्यायला जेवायला बोलावले होते. थोरले स्कूटरवरून पोहोचले, तर सासऱ्यांच्या दारात त्यांची हिरवी गाडी उभी, आणि धाकटे रुमालाने आरसा पुसत म्हणाले, "या या. ओळखीची वाटते ना?" थोरल्यांनी त्या दिवशी एकही अनारसा खाल्ला नाही, असे नंतर त्यांच्या सासूबाईंनी जबाबात सांगितले.

अनंत चतुर्दशीच्या दिवशी गाडी नाहीशी झाली. विसर्जनाच्या मिरवणुकीला सारे गाव लोटले होते आणि आम्ही सगळे बंदोबस्तात. धाकट्यांचे घर रिकामे होते. ढोल-ताशांच्या दणदणाटात भरदिवसा कुणीतरी शेडमधून गाडी चालवत बाहेर काढली आणि कुणाला पत्ता लागला नाही. दुसऱ्या दिवशी फिर्याद आली. वायरलेसवर संदेश गेले, महामार्गावर नाकाबंदी केली, भंगारवाले तपासले. काही हाती लागले नाही.

फिर्याद द्यायला धाकट्यांबरोबर थोरलेही आले होते. चेहरा घरात गमी झाल्यासारखा. त्यांनीच एक गोष्ट माझ्या कानावर घातली. "साहेब, त्या गाडीत सीटखाली एक चोरबटण आहे. ते दाबल्याशिवाय ती नुसत्या किल्लीनं चालू होत नाही. आम्ही दोघं सोडलो तर ते फक्त मिस्त्रीला ठाऊक. आणि किल्ली तर तो बसल्या जागी बनवील." धाकट्यांनी लगेच मान डोलावली. साडूंचे इतके एकमत त्याआधी कुणी पाहिले नसेल.

आम्ही भर दुपारी सातपूरला गेलो आणि मिस्त्रीला गॅरेजमधून उठवून जीपमध्ये मागे बसवले. चहाच्या सुट्टीतला अख्खा रस्ता बघत होता. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. गॅरेजच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली अगदी ओळीने लावलेले पाने. मी त्याला खूप विचारले. तो एकच सांगत राहिला. "साहेब, दोन वर्षं ती गाडी माझ्याकडं होती. पळवायची असती तर तेव्हाच नसती का पळवली?"

"मग चालू कुणी केली? थोरल्या शेठवर संशय आहे का तुझा?"

"मी कसा घेऊ त्यांचं नाव? त्यांच्या कारखान्याच्या कामावर माझं गॅरेज चालतं."

पुरावा नव्हता, म्हणून अटक केली नाही, पण त्याला रोज ठाण्यात हजेरी द्यायला लावली. त्याचा परिणाम अटकेइतकाच झाला. गिऱ्हाईक दुसरीकडे वळले. दुरुस्तीला आलेल्या गाड्या लोक अर्धवट खोललेल्या अवस्थेत ओढून घेऊन गेले. गॅरेजच्या शेडच्या मालकाने दिवाळीपर्यंत जागा खाली करायला सांगितले. मिस्त्रीचे सगळे आयुष्य त्या पत्र्याखाली होते. दसऱ्याच्या आधी तो माझ्यापुढे उभा राहिला. "साहेब, दरवर्षी आम्ही घरचे सगळे नागपूरला जातो, दीक्षाभूमीला. यंदा जाऊ का?" मी तिथल्या ठाण्यात हजेरी द्यायच्या बोलीवर परवानगी दिली. हजेरी त्याने इमानेइतबारे दिली.

दसरा झाला आणि इगतपुरीहून एक बातमीदार आला. रेल्वेतून निवृत्त झालेला पॉइंट्समन, आमच्या खात्याला अधूनमधून उपयोगी पडणारा. त्याची बातमी ऐकून ठाणे अंमलदार आधी हसलाच.

"साहेब, आमच्याकडं भाताची गिरनी हाये, लय वर्सं बंद. मालक ममईला. तिच्या दाराला दसऱ्याला झेंडूचं तोरन लागलंय."

"मग?"

"बंद गिरनीला तोरन कोन लावंल? यंत्राची पूजा चालत्या घरात व्हती. आत कायतरी चालतं हाये, साहेब."

मी हसलो नाही. दसऱ्याला आपल्याकडे कारखान्यातल्या लेथपासून टांगेवाल्याच्या चाबकापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागते. जे आपले, ज्याच्यावर पोट किंवा जीव आहे, त्याला त्या दिवशी फूल वाहिल्यावाचून माणसाला चैन पडत नाही. मी दोन पंच घेतले आणि इगतपुरी गाठली. पाऊस मागे सरला होता तरी गिरणीच्या भिंतींना हात लावला की पाणी लागत होते. कुलूप तोडले. आत लाकडी फळ्या अंथरल्या होत्या, चाकांना ओल लागू नये म्हणून. फळ्यांवर ताडपत्री आणि ताडपत्रीखाली हिरवी गाडी. फुगवट्यावर झेंडूचा हार, चालकाच्या सीटवर आपट्याची पाने, बाजूला फोडलेला नारळ. कुंकवाचे स्वस्तिक पुढच्या काचेवर काढले होते.

हवालदार म्हणाला, "साहेब, चोर कधी चोरीच्या मालाची पूजा करतो का?"

हे चोराचे काम नव्हतेच. चोराने एव्हाना तिचे टायर विकले असते. मिस्त्री दसऱ्याला नागपुरात होता, तेही आमच्याच खात्याच्या नजरेखाली. शिवाय तो बौद्ध, गॅरेजमध्येही दसऱ्याला कुंकू लावणारा नव्हे. राहिले दोघे, आणि त्यातल्या एकाने स्वतःचीच गाडी कशाला चोरावी? गिरणीची यंत्रे कुणी बसवली होती याची तिथेच चौकशी केली. थोरल्यांच्या कारखान्याने. मालकाने किल्लीही त्यांच्याकडेच ठेवली होती.

तरी किल्ली असणे म्हणजे गुन्हा शाबीत होणे नव्हे, आणि थोरले गावातले वजनदार गृहस्थ. मी त्यांना मदतीसाठी म्हणून ठाण्यात बोलावले. चहा दिला. माझा अनुभव असा, की प्रतिष्ठित माणसाला दरडावले तर त्याला वकील आठवतो. त्याच्या आवडत्या वस्तूविषयी बोलले तर तो वकिलाला विसरतो.

मी म्हणालो, "गाडी सापडली, अभिनंदन. पण नुकसान झालंय. कुण्या मूर्खानं दसऱ्याची पूजा करताना बॉनेटच्या रंगावरच कुंकू फासलंय. ओलीनं ते रंगात उतरलं. आता डाग जायचा नाही."

"शक्यच नाही!" ते ताडकन उठले. "रंगावर कशाला लावीन? कुंकू काचेवर लावलं होतं."

खोलीत लेखनिक लिहीत होता, त्याचे पेन थांबले. थोरले हळूहळू खाली बसले. मी कपबशी त्यांच्यापुढून उचलली.

मग सगळे बाहेर आले, विकताना मागे ठेवलेल्या जादा किल्लीसकट. "विकली त्याचं दुःख नव्हतं हो. वेळच तशी होती. पण ती त्याच्या हातात? मी स्कूटरवर आणि तो माझ्या गाडीत? आणि त्या दिवशी जेवण झाल्यावर सासरे उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. फिरून आले गंगेपर्यंत, थेट गोदाघाटावर! मी वर्षभर म्हणत होतो, बाबा, एकदा बसा. दर वेळी म्हणायचे, माझी पाठ दुखते. त्याच्या वेळी पाठ दुखली नाही?" पन्नाशीचा माणूस, तीन पाळ्यांचा कारखाना चालवणारा, माझ्यासमोर ओंजळीत तोंड धरून रडला. "मला ती चालवायची नव्हती. त्याच्याकडं नको होती, एवढंच."

"आणि मिस्त्री? त्याचं नाव तुम्ही आपणहून घेतलंत."

मिस्त्रीचे पुढे काय होईल, याचा त्यांनी विचारच केला नव्हता. मला चीड आली ती इथे.

सासरेबुवांचा जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. थोरल्यांचे म्हणणे ऐकून म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "मोठे जावई बोलवायचे हे खरं. पण मी जवळ गेलो की आधी माझ्या काठीकडं बघायचे, मग चपलांकडं, मग फडकं घेऊन सीट पुसायचे. मला वाटायचं, यांना मनातून मी बसायला नकोच आहे. धाकट्यानं काय केलं, चिखलाच्या चपलांसकट आत ओढलं." मी जबाबावर त्यांची सही घेतली.

थोरल्यांवर खटला भरला. न्यायालयाने घरातले प्रकरण म्हणून सौम्य घेतले, तो वेगळा विषय. गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी होती. सोडवून नेण्याचा आदेश झाला तरी धाकटे येईनात. तीनदा शिपाई पाठवला तेव्हा आले, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "साहेब, कुणी घेणारा असेल तर बघा." ज्याला दाखवायची होती, तो आता मान वर करून बघतच नव्हता; मग गाडीत राहिले काय? अखेर ती दूर कुठल्या तरी गिऱ्हाइकाला गेली. त्या बिचाऱ्याला फुगवट्याखेरीज तिच्यात काही वेगळे दिसले नसेल.

या प्रकरणाने मला एक गोष्ट कायमची शिकवली. चोराला वस्तू हवी असते, त्यामुळे तो कुठे जाईल याचा अंदाज बांधता येतो. जळणाऱ्याला वस्तू नको असते. समोरच्याच्या हातात ती नसली की त्याचे भागते, आणि त्या भरात बाजूला उभ्या असलेल्या माणसाचे काय होते, हे त्याला दिसतही नाही. पुढे तपासात कुणी फार आपुलकीने तिसऱ्याचे नाव सुचवू लागला, की मी आधी सुचवणाऱ्याकडे बघायचो.

मिस्त्रीला बोलावून मी हजेरी बंद झाल्याचे सांगितले. थोरल्यांनी त्याच्यासाठी पाकीट पाठवले होते. त्याने ते उघडलेही नाही, टेबलावरून परत माझ्याकडे सरकवले.

"साहेब, एक मागू का?"

"बोला."

"नेताना मला तुमच्या जीपमधून नेलंत. सगळ्यांनी बघितलं. मी सुटलो, हे मात्र मी एकटाच सांगत फिरतोय. मला तसंच जीपमधून परत सोडा. त्याच वेळेला, चहाच्या सुट्टीत."

आम्ही निघालो. या वेळी त्याला मी पुढे, माझ्या जागेवर बसवले आणि स्वतः मागे बसलो. सातपूरला जीप थांबली तशी माणसे गोळा झाली. शेडचा मालकही आला. "काय साहेब, परत?" त्याने हळूच विचारले.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "जीप दाखवायला आणलीय. आमचा या मिस्त्रींवर भरवसा आहे. हे इथंच असतात ना?"

मालकाने एकदा मिस्त्रीकडे बघितले, एकदा माझ्या टोपीकडे. "इथंच की, साहेब. जातात कुठं?"

जीपला काहीही झालेले नव्हते. मिस्त्रीलाही ते माहीत होते. तरी त्याने बाह्या सावरल्या, बॉनेट उघडले आणि आत वाकला. सुट्टी संपल्याचा भोंगा होऊन शेवटचा माणूस निघून जाईपर्यंत त्याने डोके वर काढले नाही.