डब्यांचे वाहतूक नियंत्रक

शिजलेल्या अन्नालाही सुटायची वेळ असते, यावर मनापासून विश्वास ठेवणारा माणूस मी एकच पाहिला: माझे थोरले साडू. महाडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले आणि पोलादपूरजवळच्या एका वृद्धाश्रमाची कोठी सांभाळू लागले. पहिल्याच आठवड्यात फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर पाटी चढली: 'मटकी. सोमवार दुपार ते मंगळवार सकाळ.' शिजलेले वरच्या फलाटावर, कच्चे खालच्या. मासळी वरणाशेजारी दिसली की ते शिट्टी मारत. जेवणाआधी दारात उभे राहून नाकात पुकारत, "कालचं वरण सुटतंय, कोणी राहिलंय का?" वेळ टळली की वरण बादलीत. आश्रमाच्या अध्यक्षांच्या घरची बासुंदीही एकदा तशीच गेली. "साहेब, गाडी कोणाची यावर वेळ ठरत नाही," एवढेच ते म्हणाले. घरी मेहुणीने लोणच्याच्या बरणीला पाटी लावू दिली नाही. तेव्हापासून साडूंनी लोणचे सोडले.

त्यांना अडवले ते आश्रमातल्याच, कुडपण गावच्या एका आजीने. मुंबईचा मुलगा भेटायला येणार म्हणून तिने ओल्या नारळाचे लाडू केले होते. मुलगा आला नाही, बुरशी आली. आजी डबा मांडीवर घेऊन बसली.

"आजी, द्या इकडे. हे खाऊन तो थेट दवाखान्यात उतरेल."

"नाय देणार. पोरगा यायचा हाय माजा. त्याच्याम्होरं काय रिकामा डबा ठेवू? तू तुज्या गाड्या सोड रे, कंट्रोलर!"

लाडू बादलीत गेलेच. पण दुसऱ्या दिवशी साडू स्वतः नारळ खवत बसले आणि आजी शेजारून गूळ कमी पडल्याबद्दल त्यांना झापत होती. मग तो शिरस्ताच झाला. लाडू खराब व्हायच्या आत आश्रमात वाटायचे, डबा धुऊन नवे भरायचे. मुलाने इतक्यात येऊ नये, असे काही म्हाताऱ्यांना वाटू लागले असावे. त्या डब्याच्या पाटीवर लाडू केल्याचा वार असे आणि खाली एकच शब्द, 'उशिरा'. मी विचारले तेव्हा साडू म्हणाले, "कशेडी घाटात दरड कोसळली तरी मी 'रद्द' लिहीत नसे. 'रद्द' वाचलं की माणसं उठून जातात."

आजी गेली. तिचे गाठोडे न्यायला मुलगा आला, तो बाराव्यानंतर. साडूंनी पाटी काढून खिशात ठेवली आणि डबा पुढे केला.

"घ्या," ते म्हणाले. "आजचेच आहेत."