भावजींचा सुळा

माझे धाकटे दीर वायरमन. कमरेच्या पट्ट्याला पकड, कटर सगळं लटकलेलं, पण ते नुसतं शोभेला. वायर सोलायची ती दातानेच, तीही वरच्या एकाच सुळ्याने. मी कानीकपाळी ओरडायचे, "भावजी, तो दात आहे, अवजार नव्हे!" तर म्हणायचे, "वहिनी, कटर काढेपर्यंत माझं काम उरकतं." गल्लीत अंधार झाला की लोक मेणबत्तीआधी यांना शोधायचे, त्यामुळे माझं कोण ऐकतंय!

एकदा जाड वायर सोलताना सुळा कडकन वाजला. मग लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. दवाखान्याचं नाव काढलं की मात्र पठ्ठ्या अडून बसायचा.

"वरचा दात काढला की नजर जाते. ज्यांच्या हाताखाली काम शिकलो, त्या उस्तादांची गेली. डोळेच गेले तर लाल वायर कुठली, काळी कुठली, हे मला कोण सांगणार? तुम्ही?"

बोलणं चेष्टेचं होतं, पण बोलताना हात सारखा डोळ्याकडे जात होता. हा माणूस खरोखर घाबरला होता.

एका सकाळी भावजी उठले ते गाल टम्म सुजलेला आणि डोळा पार मिटलेला. मग मी काही ऐकून घेतलं नाही. दंडाला धरून नेलंच.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. "चीर मुळाच्या टोकापर्यंत गेलीये. वरवरची असती तर रूट कॅनाल करून दात वाचवला असता. आता आत पू झालाय. दात ठेवलात तर पू वर चढेल आणि डोळ्याला खरंच धोका होईल. काढल्याने नजर जात नाही."

"पण आमच्या उस्तादांची..."

"वय काय होतं त्यांचं?"

"सत्तरी उलटली होती."

"मग मोतीबिंदू असेल हो!"

मला हसू आवरेना. इंजेक्शन भावजींना दिलं, पण त्यांनी माझा हात असा आवळला की बधिर माझी बोटं झाली. दात निघाला. पुवाचा निचरा झाला. गोळ्या-औषधं घेऊन घरी आलो.

सूज हळूहळू उतरली, तरी भावजी डोळा काही उघडेनात. "बघा ना उघडून," म्हटलं की "राहू दे" म्हणायचे. न बघितलेलं बरं, असं त्यांना वाटत असावं. माझाही जीव टांगणीला लागला होता.

आणि मग एक दिवस मी स्वयंपाक करत असताना ते येऊन समोर बसले. चांगल्या डोळ्यावर तळहात धरला आणि दुसरा उघडून माझ्याकडे बघत राहिले.

"वहिनी."

"काय हो?"

"तुमच्या कानामागे एक पांढरा केस आहे."

मी उलथनं उगारलं खरं, पण मारते कसली! तिथेच ओट्याला टेकून ढसाढसा रडले.

"रडताय कशाला?" भावजी म्हणाले, "अजून दोन आहेत."