लाय म्हणजे काय

आधी चहा घ्या, मग हसा. हसणार तर आहातच, घरच्यांनीही मला सोडलेलं नाही. पण ऐकून झाल्यावर एवढंच सांगा, की या सगळ्यात माझी चूक किती आणि इंग्रजांची किती. माझ्या मते सगळी इंग्रजांची आहे. फजिती मात्र माझ्या एकट्याच्या नावावर जमा झाली.

मी सोयगावला हायस्कूलमध्ये जन्मभर इंग्रजी शिकवलं. रिटायर झाल्यावर मुलाकडं, संभाजीनगरला आलो. घरापासून जवळच, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला सलीमभाईंचं छोटंसं लॉज आहे. अजिंठा-वेरूळ बघायला येणारे परदेशी पाहुणे तिथं उतरतात. एक दिवस सलीमभाई मला म्हणाले, "काळे सर, हमारे लोगों को थोडी इंग्लिश सिखाओ ना. गोरे कुछ भी पूछे तो ये लोग खाली हसते."

झालं. संध्याकाळी लॉजच्या डायनिंग हॉलमध्ये माझा वर्ग भरायला लागला. विद्यार्थी कोण, तर खोल्या आवरणाऱ्या मंदाबाई आणि ड्रायव्हर युनूसभाई. मी विचार केला, लॉजवर माणूस येतो कशाला? झोपायला. मग सुरुवात झोपेपासूनच करू. स्लीप, नॅप, यॉन, स्नोअर. घोरून दाखवलं, जांभया देऊन दाखवल्या. युनूसभाई दुपारी गाडीत जे करतात त्याला 'नॅप' असं भारदस्त नाव आहे हे कळल्यावर ते इतके खूश झाले, की पुढचे शब्द त्यांनी ऐकलेच नाहीत.

मग वाक्यांचे प्रकार. विधान, प्रश्न, आज्ञा आणि उद्गार. मंदाबाई देवगाव रंगारीच्या. बुद्धी तल्लख आणि आवाज शेतातून हाक मारायचा. झाडू मारता मारता त्यांचा अभ्यास चालायचा. "गेस्ट इज स्लीपिंग. इज गेस्ट स्लीपिंग?" बंद दाराबाहेर हे एवढ्या मोठ्यानं चालायचं, की दुसरं वाक्य म्हणायच्या आत पहिलं खोटं व्हायचं.

तेव्हाच इंग्लंडचं एक म्हातारं जोडपं लॉजवर आलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांना अजिंठ्याला न्यायचं ठरलं होतं. वर्ग संपत आला होता. मंदाबाई त्यांच्या खोलीत पाणी ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "सर, त्या बाई काय तरी म्हणल्या बगा. लाय इन टुमारो, प्लीज."

आता इथं नीट लक्ष द्या. लाय म्हणजे काय? खोटं. इन टुमारो म्हणजे उद्यामध्ये. उद्यामध्ये खोटं आहे! म्हणजे उद्याच्या कार्यक्रमात काहीतरी लबाडी आहे, असं त्या बाईंचं म्हणणं. तुम्ही तरी दुसरा काय अर्थ लावला असता? मंदाबाईंनी भीत भीत विचारलं की मग प्लीज कशाला म्हणल्या. मी सांगितलं, इंग्रज माणूस तोंडावर खोटारडा म्हणतानाही प्लीज म्हणतो, त्यांची रीतच तशी.

सलीमभाईंना हे सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला. बिचारे शब्दाला जागणारे. ते म्हणाले, "मैंने क्या झूठ बोला सर? गाडी बोला, गाडी है. एसी बोला, एसी है." शिवाय हल्ली एका पाहुण्यानं मोबाईलवर वाईट लिहिलं की पुढचे दहा दुसरीकडं जातात. ते तेव्हाच वर जाऊन विचारायला निघाले होते. मीच त्यांना अडवलं. म्हटलं, तोंडानं खुलासा करू नका, करणीनं करा. सातची गाडी पहाटे पाचलाच दारात उभी करा. मग बघू कोण आपल्याला खोटं म्हणतं.

ही अक्कल माझी. नाकारून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही सगळे हजर. गाडी धुऊन पुसून लख्ख, युनूसभाई इस्त्रीच्या शर्टात, सलीमभाई अत्तर लावून, मी कोट घालून आणि मंदाबाई चहाचा ट्रे घेऊन. त्यांची ती परीक्षाच होती. दारावर थाप मारून त्या म्हणाल्या, "इट इज मॉर्निंग." पुन्हा एक थाप. "आर यू स्लीपिंग?"

आतून पुरुषाचा आवाज आला, "वी वेअर."

भूतकाळ. अगदी शुद्ध. मला बरं वाटलं.

मंदाबाईंनी लगेच आज्ञा केली, "गेट अप!" आणि वर उद्गारही काढला, "व्हॉट अ नाइस मॉर्निंग!" त्या आवाजानं शेजारच्या दोन खोल्यांमधले दिवे लागले.

दार उघडलं. साहेब लेंग्यावर, केस उभे, एका पायात चप्पल. आमची ती वरात त्यांनी एकदा खालपासून वरपर्यंत पाहिली आणि हळूच म्हणाले की आम्ही लाय-इन मागितलं होतं.

पुन्हा तेच! माझं डोकंच सणकलं. आयुष्यभर खडू झिजवलेला माणूस मी, आणि पहाटे पाचला कोट घालून उभं राहून हे ऐकून घेऊ? मी खिडकीकडं बोट दाखवलं आणि ठणकावून म्हणालो, "सी कार! सी ड्रायव्हर! नो लाय इन टुमारो! नो लाय इन टुडे!"

साहेब म्हणाले, "येस. आय कॅन सी दॅट."

मला वाटलं, त्यांनी चूक कबूल केली. मी सलीमभाईंकडं विजयी मुद्रेनं पाहतोय तोवर बाई मागून आल्या. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग चहाकडं, आणि घोटाळा काय झालाय ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले, डोळे मिटले आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, "लाय. इन. बेड."

लाय, ले, लेन. आडवं पडणं. अहो, हे तीन शब्द मी पोरांकडून हात लाल होईस्तोवर घोकून घेतलेले! त्या बिचाऱ्यांना सकाळी उशिरापर्यंत लोळायचं होतं, एवढंच. गाडी जरा उशिरानं मिळावी म्हणून त्यांनी प्लीज म्हटलं होतं.

आता मला सांगा, ही काय भाषा झाली? खोटं बोललं तरी लाय आणि अंग टाकलं तरी लाय. आपल्याकडं लोळणारा लोळतो, थापाड्या थापा मारतो. एकाला उठवायला गेलो आणि दुसऱ्याशी भांडून आलो, असं कधी होत नाही.

माणसं मात्र चांगली निघाली. चहा प्यायली, मंदाबाईंना शाबासकी दिली आणि मुकाट्यानं गाडीत बसली. युनूसभाई सांगत होते, अजिंठा येईपर्यंत मागं दोघांचं नॅप चाललं होतं.

सलीमभाई माझ्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की पाहुण्यांना लोळायचं असेल तेव्हा दाराबाहेर अडकवायला एक पाटी लिहून द्या, म्हणजे असं पुन्हा व्हायला नको. मला भरून आलं. या वेळी मी कसलीच कसर ठेवली नाही. टीच करतो तो टीचर, स्लीप करतो तो स्लीपर, तसा लाय करतो तो लायर. डिक्शनरीत स्पेलिंगसुद्धा तपासलं. लायर म्हणजे खोटारडा हे मला माहीत होतं, पण लायचे अर्थ दोन तर लायरचेही दोन असणारच, नाही का? मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिलं: लायर्स इन्साइड. प्लीज डू नॉट वेक.

पाटी फार चालली. येईल तो पाहुणा ती दाराला अडकवून शेजारी उभा राहून फोटो काढायचा. कुणीकुणी आठवण म्हणून घरी न्यायला मागायचं. सलीमभाईंना वाटलं, सरांच्या अक्षराची करामत. असाच एक फोटो माझ्या मुलाला मोबाईलवर दिसला. तो आधी पोट धरून हसला आणि मग त्यानं मला मराठीत वाचून दाखवलं: आत खोटारडे आहेत, कृपया उठवू नका.

मी तसाच उठून लॉजवर गेलो. सलीमभाई कौतुकानं म्हणाले, "अच्छा हुआ आये सर, आप को ही दिखाना था." मागणी फार म्हणून त्यांनी पाट्या छापूनच आणल्या होत्या. टेबलावर हा एवढा गठ्ठा. आणि माझे उपकार विसरायचे नाहीत म्हणून प्रत्येक पाटीवर, 'लायर्स इन्साइड'च्या बरोब्बर खाली, ठळक अक्षरात छापून घेतलं होतं: काळे सर.