कुंभारणीचं दार

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. कुणाविषयी चार ओळी लिहाव्यात एवढी माझी तयारी नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण आमच्या घरमालकांच्या थोरल्या भावांइतकं माशीला माणसासारखं वागवणारं कुणी अख्ख्या वसई तालुक्यात नसेल, एवढं मात्र खात्रीनं सांगतो.

ते निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणतात. मातीचं घर लिंपणाऱ्या कुंभारीण माशीचा अभ्यास आमच्या भागात त्यांनीच सुरू केला. एकदा त्यांच्या बुटात कुंभारणीनं घर केलं, तर ती पिल्लं उडेपर्यंत सर चपला घालून चर्चमध्ये मिस्साला गेले. 'उपजत बुद्धी' हा शब्द ऐकला की चिडतात. "न बघता उत्तर द्यायचं असलं की लोक हा शब्द वापरतात," म्हणतात. प्रत्येक माशीचा स्वभाव वेगळा, हे त्यांचं मत. आईला कधीच न पाहिलेली माशी मातीतून बाहेर आल्यावर पहिलं काय करते, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. बुटातली पिल्लं सर झोपले असताना उडून गेली. बाकी दर वेळी कुणाचा तरी झाडू आधी पोचायचा.

गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नाच्या तोंडावर एका कुंभारणीनं पुढच्या दाराच्या आणि चौकटीच्या सांध्यावरच घर लिंपलं. दार उघडलं की ते फुटणार. सर दाराला खुर्ची लावून बसले.

"भावजी, नवरी काय मागल्या दारानं चर्चला जाते?" घरमालकीणबाई कडाडल्या.

"चर्चला काय फरक पडतो?"

"आनि पाव्हन्यांना काय सांगू? माशी बाळंत हाय?"

"सांग की. खोटं नाही ते."

शेवटी पुतणीच हसत म्हणाली, "जाऊ दे गं मम्मी." बँड मांडवात पुढच्या दाराकडे तोंड करून वाजवत राहिला, आणि नवरी पांढरा झगा उचलून धुण्याच्या दगडाजवळून, कोंबड्यांमधून वाट काढत आली. बँडवाल्यांना कळेपर्यंत ती गाडीत बसलीसुद्धा होती.

लग्नानंतर सर दिवसभर दारासमोर बसायचे. आणि मग न्हाणीत त्यांचा पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. इस्पितळात मी डबा घेऊन जायचो. डब्यात काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. "दार?" एवढंच विचारायचे. मी म्हणायचो, "बंद आहे, सर."

एका दुपारी मी तिथं असताना घरमालकीणबाईंचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"भावजी, आली ती बाहेर."

"काय केलं तिनं?"

"बसली जरा. तोंड पुसलं, मिशा साफ केल्या. चौकटीवर वर गेली, परत खाली आली. मग उडाली."

"तू बघितलंस?"

"मंग? सकाळपासून बसले व्हते. सैंपाक तसाच पडलाय."

सरांनी माझ्या हातातला फोन आपल्याजवळ ओढून घेतला. मग म्हणाले, "पुन्हा सांग. सावकाश."