सगुणआबांचा हात थरथरत नव्हता

बातमी म्हापशाच्या बसस्टँडवर कळली. शुक्रवारचा बाजार, एका हातात मिरच्यांची पिशवी, दुसऱ्यात पोदेराच्या बेकरीतले गरम उंडे पाव. पेडण्याच्या बसचा कंडक्टर आमच्याच गावचा, एकेकाळी माझ्या हातच्या छड्या खाल्लेला. मला बघून तो पायरीवरून खाली उतरला. "मास्तरानू, कळलां मू तुमका? सगुणआबा गेलो. काल सांजेक." मी "अरेरे" म्हटलं. काय झालं होतं, किती दिवस अंथरुणावर होते, जे विचारायची रीत आहे ते सगळं विचारलं. आणि मनात पहिलं काय आलं ते सांगू? सुटलो... देवाशपथ सांगतो, दुःख नंतर आलं. आधी हेच आलं, की आता ते माझ्याकडे बघणार नाहीत. बस निघून गेली तरी मी तिथेच उभा होतो, आणि उंडे गार होऊन गेले.

पेडण्याबाहेरच्या वाचकांना सगुणआबा ठाऊक असायचं कारण नाही. ते कावीचं काम करायचे. आमच्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्यात पांढरी नक्षी दिसते ना, वेली, मोर, हत्ती, ती कावी. लोकांना वाटतं ते रंगवलेलं असतं. अहो, कसलं रंगवलेलं! शिंपले भाजून चुना करायचा, तो महिनोन्महिने पाण्याखाली ठेवायचा, मग गूळ-वाळू घालून कुटायचा आणि भिंतीला लावायचा. त्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा पातळ हात. तो हात ओला आहे तोवर लोखंडी टोच्याने तांबडं खरवडून काढायचं, की खालचा पांढरा चुना दिसतो. बस्स. पण सगळी मेख त्या ओलेपणात. भिंत सुकली की तांबडं टोच्याला ऐकत नाही, त्याचे टवके निघतात. म्हणून आबा सकाळी तेवढीच भिंत ओली करायचे, जेवढी जेवणाआधी हातून होईल. "जितको हात, तितकीच भिंत," म्हणायचे. बोटाची मागची बाजू भिंतीला लावून बघायचे, आईने पोराचा ताप बघावा तसे.

माझी त्यांची ओळख शाळेमुळे. मी गावच्या मराठी शाळेत मास्तर, ते दर दिवाळीआधी शाळेच्या भिंतींना चुना द्यायला यायचे. एकदा मी सहज म्हटलं, आबा, पोरांसाठी ओसरीवर एखादा हत्ती काढा. त्यांनी दोन सकाळींत काढला. त्या दोन सकाळी मी वर्ग सोडून त्यांच्या मागे उभा! त्यांची मुलगी सुलोचना, आमची सुलू, तेव्हा चौथीत माझ्याच वर्गात. चुना कालवायला तीच, तांबडी माती चाळायला तीच. भिंत ओली असताना आबा टोचा खाली ठेवत नसत, चहासाठीसुद्धा नाही. सुलू कप घेऊन यायची आणि त्यांच्या तोंडाशी धरायची. ते भिंतीवरची नजर न काढता घोट घ्यायचे आणि दर वेळी कुरकुरायचे, "साखर कमी गो." घरात असेल तेवढी साखर घातली असती तरी त्यांनी तेच म्हटलं असतं.

पुढे सुलू मोठी झाली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, बापाच्या हाताखाली टोचा धरायला शिकली. आबांचा मुलगा डिचोलीकडे खाणीच्या ट्रकवर गेला, त्याला या चिखलात रस नव्हता. तेव्हा ही विद्या राहणार असेल तर ती सुलूकडेच, हे आबांना पक्कं ठाऊक होतं. आणि शिकवायला भिंत लागते. पाटीवर कावी शिकता येत नाही.

ती भिंत आमच्या देवळात होती. जुना सभामंडप, किती पिढ्यांपूर्वीचा कोणास ठाऊक, आणि चारी भिंतींवर आबांच्या आज्या-पणज्यांच्या हातची कावी. उत्तरेच्या भिंतीवरची पार झडून गेली होती. समितीतल्या निम्म्या लोकांना तिथे ऑइलपेंट हवा होता, चकचकीत, पुसता येईल असा. मी समितीचा सचिव. मी भांडलो, हो, तेवढं श्रेय मी घेणार. रविवारी मंडपात आबा काम करतील, सुलू शिकेल, शाळेची मुलं बघतील, मोरजीच्या किनाऱ्यावर येणारे पाहुणेसुद्धा बघायला येतील, असं सगळं मी मांडलं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, बघू तर खरं. एका समारंभात आबांनी सगळ्यांसमोर एक हत्ती काढून दाखवावा. पसंत पडला तर अख्खी उत्तरेची भिंत बापलेकीची. मी हे सांगायला गेलो तेव्हा आबा नुसते उठून परसात गेले आणि दगडी दोणीत भिजत घातलेला चुना हाताने ढवळून बघून आले.

गोवा वेगळं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. जो तो समारंभ करत होता. प्रमुख पाहुणे पणजीहून यायचे होते, वेळ दहाची. आबांनी नऊला चुन्याचा हात दिला, वर तांबडा. मंडप भरलेला. दहा वाजले, साडेदहा वाजले. पाहुण्यांची गाडी शिवोलीच्या फेरीबोटीवर अडकली असा निरोप आला. आबांनी बोट भिंतीला लावलं आणि माझ्याकडे आले. "मास्तरानू, भिंत सुकता. सुरू करतंय."

"आबा, पाच मिनिटं. पाहुणे येऊं देत."

परत आले. मी परत तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी जरा आवाज चढवला. "अहो आबा, त्यांच्यासाठीच तर हे सगळं मांडलंय! ते नसताना काढून काय उपयोग?" वीस वर्षं त्या माणसाचं काम बघणारा मी! पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं की ओली भिंत पाहुण्यांसाठी खोळंबत नाही. आणि ते ऐकले. का ऐकले? मी मास्तर होतो म्हणून. त्यांच्या मुलीला अक्षर शिकवलेला मास्तर, आणि भिंत मिळवून देणाराही मीच. त्यांनी टोचा खाली ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा भिंत ओली असताना ठेवला.

पाहुणे बारा वाजता आले. हार, नारळ, स्वागतगीत. मग आबा भिंतीकडे वळले. पाठीची रेघ कशीबशी निघाली. सोंडेला टोचा लावला आणि तळव्याएवढा टवका खाली पडला. दुसरा पडला. कोणीतरी मागून म्हणालं, "हत्तीची सोंड गेली रे!" मंडप हसला. पाहुणे मात्र सज्जन माणूस, त्यांनी समजुतीच्या सुरात म्हटलं, "वय झालं की हात थरथरतोच." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं, आता तुम्ही सांगाल ना, असं.

आभार मला मानायचे होते. मी माईक घेतला आणि म्हणालो... हे वाक्य मला झोपेतही पाठ आहे... "वयोमानामुळे हात साथ देत नसला तरी सगुणआबांचा उत्साह तरुणांना लाजवणारा आहे." टाळ्या पडल्या. पाहुणे खजील होऊ नयेत, अध्यक्षांसमोर माझी फजिती होऊ नये, एवढ्यासाठी मी त्या माणसाचा हात भर मंडपात कापून टाकला. पुढच्या आठवड्यात उत्तरेची भिंत ऑइलपेंटवाल्याला गेली. ठरावाखाली सही सचिवाची.

सुलू शाळेत आली होती. दारातच उभी राहिली. "मास्तरानू, एकदा सांगा सगळ्यांक. बाबाचो हात गेलो नाय. भिंत सुकली म्हणान." मी म्हटलं, सांगतो ना, पुढच्या बैठकीत नक्की. पुढच्या बैठकीत मंडपावरची पाटी मराठीत असावी की कोंकणीत, यावर तीन तास रण माजलं. मी घसा फोडून मराठीची बाजू लढवली. भाषेसाठी माझी जीभ केवढी चालली! आणि भिंतीबद्दल एक शब्द? मूग गिळून बसलो. नंतर नंतर सुलू वाटेत दिसली तर मी रस्ता बदलायला लागलो. निवृत्त झाल्यावर म्हापशाला मुलाकडे आलो, तेव्हा सगळ्यांना सांगितलं की गुडघ्यांमुळे, डॉक्टर जवळ हवा.

आबा मला शेवटचे भेटले ते गेल्या वर्षी, याच बाजारात. गूळ विकत घेत होते. मला टाळायला जागाच नव्हती. "मास्तरानू, बरे मू?" म्हणाले, आणि लगेच, जणू आमचं बोलणं कालच अर्ध्यावर राहिलं होतं, "उत्तरेची भिंत फुगल्या. पेंट सुटता. चुन्याची भिंत ती, तिका श्वास घेवंक जाय. परत करतले जाल्यार माका सांगा. चुनो भिजत आसा." भिंत परत करणार असाल तर सांगा, एवढंच. ना टोमणा, ना गाऱ्हाणं. एखादी शिवी दिली असती तर मी मोकळा झालो असतो. मी "हो हो, बघतो" म्हटलं आणि समोर आली त्या बसमध्ये चढलो. ती डिचोलीची होती.

बाराव्याला गेलो. जेवणं उरकल्यावर सुलू मला परसात घेऊन गेली. दगडी दोण तशीच होती, वर पत्रा झाकलेला. तिने पत्रा सरकवला. वर वीतभर स्वच्छ पाणी आणि खाली लोण्यासारखा चुना. तोच, समारंभाआधी भिजवलेला. रोज सकाळी उठून ते त्यावर तांब्याभर पाणी घालायचे. पाणी तुटलं की चुना मेला. जायच्या आदल्या दिवशी उठवेना, तेव्हा सुलूला खूण करून घालायला लावलं. एवढी वर्षं... त्यांना माहीत होतं की भिंत मिळणार नाही. की त्यांना वाटत होतं, मास्तर आज ना उद्या बोलेल?

मी म्हटलं, "सुलू, मी समितीला पत्र लिहितो."

"समितीक नाका," ती म्हणाली. "त्या दिसा मंडपात जितके हासले, तितक्यांक सांगा."

ते सगळे लोक आता मला कुठे सापडणार? पण रविवारची पुरवणी आमच्या गावात घरोघरी वाचतात. म्हणून हे इथे लिहितो आहे, आणि कोणी याला श्रद्धांजली म्हणू नये. सगुणआबांचा हात थरथरत नव्हता. शेवटपर्यंत नव्हता. भिंत सुकली होती, आणि ती मी सुकू दिली. त्यांनी तीनदा सांगूनसुद्धा. आणि मग माईकवर खोटं बोललो.

हे लिहून झाल्यावर छापायला देण्याआधी सुलूला वाचून दाखवायचं ठरवलं. गेल्या रविवारी सकाळी येतो असा निरोप पाठवला. तिने उलट निरोप धाडला, नऊला या, घरामागच्या भिंतीला हात देतंय. माझी बस कोलवाळच्या पुलावर रखडली. साडेदहाला धावतपळत परसात पोहोचलो तर सुलू भिंतीला तोंड करून, टोचा चालू. हत्तीची पाठ झाली होती, कान झाला होता, सोंड अर्धी उतरली होती. माझ्यासाठी ती थांबली नव्हती. पायांचा आवाज ऐकूनही वळली नाही. मी हातातले कागद खिशात घातले. तिने मला माफ केलं आहे असं समजू नका, मी तरी समजलो नाही. काय करावं ते सुचेना. मग मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेलो, चुलीवर चहा होता तो कपात ओतला, आणि येऊन तिच्या तोंडाशी धरला.

सोंडेचं टोक वळवता वळवता तिने एक घोट घेतला. "साखर कमी, मास्तरानू," म्हणाली.