मेणाची वडी आणि घोडनदी

आमच्या कळंबात ही हकिगत दोन प्रकारे सांगितली जाते आणि दोन्ही प्रकार चुकीचे आहेत. देवळातली मंडळी म्हणतात, माझी बहीण ती वडी नदीत सोडत असताना ग्रामदेवीने म्हातारीच्या रूपात तिचा हात धरला. माझा पुतण्या म्हणतो, देवीबिवी काही नाही, काकू वाचली ती औषधाच्या गोळीने. त्या दिवशी गुडघाभर पाण्यात मी उभा होतो, बहीण नव्हे.

नव्वदीचे दशक सरत आले होते. पत्नीच्या स्तनातील कर्करोगाची गाठ पुण्यात काढली. त्या गाठीचा एक तुकडा नंबर घातलेल्या मेणाच्या वडीत बसवून डॉक्टरांनी माझ्या हाती दिला. सोमवारी तो दुसऱ्या प्रयोगशाळेत द्यायचा होता. गाठीच्या पेशींमध्ये स्त्रीसंप्रेरकाला बसायच्या जागा आहेत का, ते तिथे कळणार होते. असल्या, तर त्या जागा अडवणारी गोळी तिला लागू पडणार होती. मी मात्र परस्पर ठरवले, की रोग कापून टाकला, आता चौकशी कशाला? देहातून निघालेले पाण्याला द्यावे, ही आमच्या घरची रीत. रविवारी सकाळी मी घोडनदी गाठली.

बेल्ह्याच्या बैलबाजाराला निघालेला एक अनोळखी व्यापारी तिथे बैल धूत होता.

“पावणं, काय सोडताय? नंबर दिसतोय त्याच्यावर.”

“आमच्या घरचं हाय. तुमी बैल धुवा.”

“धुतोच की. पर नंबरवालं जनावर आमी मालकाला इचारल्याबिगर सोडत न्हाई. कुनाचं हाय ते?”

“माझ्या बायकोचं.”

“मग तिला इचारलं का राव?”

मी त्याला चार शब्द सुनावले. तो हसला आणि बैलाची पाठ घासत राहिला. वडी मुठीत धरून मी पाण्याबाहेर आलो. ओल्या धोतरानेच घरी आलो व आयुष्यात प्रथमच पत्नीला विचारले, “काय करू?”

ती म्हणाली, “तपासू द्या की. जीव माजा हाय.”

तपासणीत त्या जागा सापडल्या. पाच वर्षे गोळी चालली. आज ती अंगणात वाल सोलते आहे आणि मी पुन्हा मोठ्याने बोलतो म्हणून रागावते आहे.

पुतण्याने ध्यानात घ्यावे, वडी वाहून गेली असती तर ती गोळी तिला लागू पडेल हे कुणाला कळले असते? देवळातल्यांनीही ध्यानात घ्यावे, की देवीला म्हातारी व्हावे लागले नाही; बैल धुणाऱ्याच्या तोंडून तिचे काम झाले. बहिणीवरचा आळ खोटा आहे. चूक माझी होती. देवीपुढे रोज हात जोडतो, तेव्हा आता काही मागत नाही. त्या सकाळी माझा हट्ट तिने माझ्या हातून काढून घेतला, तेवढे मला पुरले.